खिडकी संगणकाची, अक्षर आपले



यंदा अकरावीच्या संगणक वर्गातील मुलांनी शाळेच्या कार्यालयासाठी एक प्रोग्राम तयार करायला घेतला आहे. स्कॉलर रजिस्टरमधील नोंदी, म्हणजे विद्यार्थ्याचे नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख, प्रवेशाचा दिनांक, या संगणकात भरायच्या आणि टी.सी. मागितली की ती छापून द्यायची, एवढेच त्याचे काम. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत प्रश्न निघाला की असे प्रोग्राम बाजारात तयार मिळतात, मग मुलांचा वेळ यात का घालवायचा? प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचे उत्तर दोन ओळींत देता येत नाही. त्यासाठी संगणकाच्या पडद्यावर दिसणारी खिडकी मुळात घडते कशी, हे सांगावे लागते. माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातले आणि संगणक हा माझा विषय नव्हे; तरीही मुलांच्या शेजारी बसून जे समजले ते आपणांपुढे मांडते.

पडद्यावर आपण एखादा प्रोग्राम उघडला की एक चौकट दिसते. तीत बटणे असतात, लिहिण्याच्या रिकाम्या पट्ट्या असतात, टिकमार्क करायचे छोटे चौकोन असतात, यादी असते, वर मेनू असतो. यांतील प्रत्येक वस्तू प्रोग्राम लिहिणाराने रेघ-रेघ ओढून काढलेली नसते. घर बांधताना आपण बिजागरी, कडी-कोयंडा घरी घडवत नाही, बाजारातून आणतो, तसेच हे. या तयार वस्तूंच्या पेटीला टूलकिट म्हणतात आणि तिच्यातील एकेका वस्तूला विजेट. १९८४ साली अॅपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला, तेव्हा ही पेटी त्याच्या आतल्या ६४ किलोबाइटच्या कायमस्वरूपी स्मृतीत कोरूनच दिलेली होती. १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पहिले विंडोज आले, त्याचीही अशीच स्वतःची पेटी होती. जी पेटी त्या-त्या संगणक प्रणालीची आपली असते, तिला नेटिव्ह म्हणतात. आपण ‘घरची’ म्हणू.

लिनक्सवरील दोन प्रसिद्ध पेट्यांची जन्मकथा मुलांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी १९९५ च्या सुमारास चित्रे सुधारण्याचा एक प्रोग्राम लिहीत होते. तोच आजचा गिम्प. त्या वेळी मोटिफ नावाचे टूलकिट वापरात होते, पण ते विकतचे होते आणि मॅटिसचे त्याच्याशी पटेना. तेव्हा त्याने आपल्या प्रोग्रामपुरती बटणे आणि पट्ट्या स्वतःच लिहिल्या. गिम्पचे टूलकिट म्हणून त्याचे नाव जीटीके. १९९७ मध्ये सुरू झालेला ग्नोम हा लिनक्सचा संपूर्ण डेस्कटॉप याच पायावर उभा राहिला. दुसरी गोष्ट नॉर्वेतील. हॉवर्ड नूर्ड आणि आयरिक शाम्बे-एंग यांना १९९० साली अल्ट्रासाउंडच्या प्रतिमांची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम तीन निरनिराळ्या प्रणालींवर चालवायचा होता. एकच काम तीनदा लिहिण्यापेक्षा तिन्हीकडे चालेल अशी पेटीच का करू नये, या विचारातून क्यूटी जन्मले. (त्याचा उच्चार ‘क्यूट’ असा करायचा असतो, हे मला मुलांनी दोनदा सांगितले.) घरोघरी सिनेमे पाहायला वापरला जाणारा व्हीएलसी प्लेअर क्यूटीवरच बांधलेला आहे. म्हणजे दोन्ही पेट्या कुणाच्या तरी हातातल्या साध्या गरजेतून निघाल्या.

आता ‘सुंदर’ या शब्दाकडे वळू. मुलांच्या पहिल्या मसुद्यात मागे जांभळा रंग होता, बटणांवर सावल्या होत्या आणि प्रत्येक मथळ्याचा फॉन्ट वेगळा होता. महाराज बाड्यावर टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट ऑफिस अशा निरनिराळ्या शैलींच्या इमारती शेजारी-शेजारी उभ्या आहेत आणि चौकाला ते शोभते. पण आमच्या कार्यालयातील बाबूंना दिवसभरात शंभर नोंदी भरायच्या असतात. त्यांना चौक नको, पंगतीचे ताट हवे. ताटात मीठ कुठे, डावीकडे चटणी-कोशिंबीर कुठे, उजवीकडे भाजी कुठे, हे जेवणाराला पाहावे लागत नाही. हात आपोआप जातो. घरच्या पेटीतले बटण वापरले की नेमके हेच साधते. टॅबची कळ दाबली की पुढच्या पट्टीत जायचे, एंटर दाबले की मुख्य बटण दाबले जायचे, कंट्रोल आणि सी दाबले की नक्कल व्हायची, या सवयी त्या बटणाबरोबर फुकट येतात. स्वतः रंगवलेल्या बटणात त्यातले काहीच आपोआप येत नाही. ते दिसते बटणासारखे, वागते मात्र चित्रासारखे.

याचा सर्वात मोठा फरक ज्यांना दिसत नाही त्यांना पडतो. दृष्टिहीन व्यक्तींसाठी पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम असतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए त्यांपैकी एक. तो मोफत आहे आणि मराठीही वाचतो. घरच्या पेटीतील विजेट अशा प्रोग्रामला आतून सांगते की, ‘मी बटण आहे, माझे नाव अमुक, मी सध्या दाबता येण्याजोगे आहे.’ रंगवलेले बटण मुके राहते. तसेच वाढत्या वयाच्या माणसाने संगणकाच्या मांडणीत जाऊन अक्षरे मोठी करून घेतली, तर घरची विजेटे त्याप्रमाणे मोठी होतात. माझ्या वयाच्या शिक्षकांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

इथे एक बारीक गोष्ट नोंदवते, कारण मुलांमध्ये यावर वाद झाला. काटेकोर अर्थाने घरची विजेटे वापरणाऱ्या पेट्यांत डब्ल्यूएक्स विजेट्स येते. ते विंडोजवर विंडोजचेच बटण मागवते, मॅकवर मॅकचे. क्यूटी आपले बटण स्वतः काढते, पण ते कसे दिसावे हे प्रणालीला विचारून काढते आणि पडदा वाचणाऱ्या प्रोग्रामांशीही बोलते. जावामधील स्विंग, ज्यावर काही वर्षांपूर्वीपर्यंत सी.बी.एस.ई.चे विद्यार्थी इन्फर्मॅटिक्स प्रॅक्टिसेसचे प्रात्यक्षिक करत, तेही स्वतःच काढते, आणि सांगितले नाही तर सगळीकडे आपलाच पोशाख घालून बसते. कार्यालयाच्या दृष्टीने मला क्यूटीची वागणूक पुरेशी वाटली.

खिडकीच्या आत काय चालते, तेही थोडक्यात सांगते. खिडकीचा प्रोग्राम वरून खाली एकदा वाचून संपत नाही. तो दारावरील शिपायासारखा बसून राहतो. कुणी बटण दाबले, कळ दाबली, माऊस हलवला की घंटी वाजते. शिपाई उठतो, ठरलेले काम करतो आणि पुन्हा जागेवर येऊन बसतो. याच शिपायाला कुणी बँकेत रांगेत उभे राहायला पाठवले, तर दार वाजत राहते आणि उघडायला कुणी नसते. खिडकी गोठते, फिकट होते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी येते ती यामुळे. म्हणून हजार नोंदी शोधण्यासारखे लांबलचक काम दुसऱ्या माणसाला, म्हणजे दुसऱ्या थ्रेडला द्यायचे असते.

इथपर्यंतचे सगळे जगात कुठल्याही शाळेत सारखेच आहे. आपले वेगळेपण यापुढे सुरू होते, कारण आपल्या खिडकीत देवनागरी लिहायची आहे.

‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. संगणक तो दहा चिन्हांनी साठवतो: व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. पण पडद्यावर पाहा, वेलांटी वच्या आधी आली पाहिजे, द आणि य यांचे जोडाक्षर झाले पाहिजे, आणि र थच्या डोक्यावर रफार होऊन बसला पाहिजे. ही जुळणी फॉन्ट एकटा करत नाही. टूलकिटच्या आत बसलेला एक स्वतंत्र कारागीर ती करतो. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइबकडे आले आणि २००० सालच्या विंडोज २००० पासून देवनागरी तिथे नीट दिसू लागली. त्याच विंडोजबरोबर आलेला मंगल हा फॉन्ट रघुनाथ कृष्ण जोशी या मराठी सुलेखनकारांनी काढलेला होता, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? जीटीकेमध्ये हे काम पँगो करते. ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा, असे ते नाव. आणि आज लिनक्सवर, अँड्रॉइडवर, क्यूटीत, बहुतेक ठिकाणी ज्याचा आधार घेतला जातो तो कारागीर म्हणजे बेहदाद एस्फाहबोद या इराणी अभियंत्याचे हार्फबझ. फारसीत ते ‘हर्फ-बाज़’ आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज़ म्हणजे खुले. ग्वाल्हेरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला ‘हर्फ’ शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

पेटी निवडताना हा कारागीर आत आहे की नाही, हेच आमच्या दृष्टीने पहिले पाहायचे होते. पायथॉनबरोबर टीकेइंटर नावाची पेटी आपोआप मिळते, शिकायला सोपी असते, म्हणून मुलांनी सुरुवात तिच्यावर केली. विंडोजवर अक्षरे ठीक दिसली. लिनक्सच्या संगणकावर, टीकेच्या ८.६ आवृत्तीत, वेलांट्या चुकीच्या बाजूला गेल्या आणि जोडाक्षरे सुटी झाली. खिडकी कितीही सुबक असो, आपल्या नावाचे असे तुकडे झालेले पालकाला आवडणार नाही. त्यामुळे मुले क्यूटीकडे वळली. पायथॉनमधून क्यूटी वापरण्यासाठी पायसाइड नावाची अधिकृत जोड आहे आणि तिचा परवाना असा आहे की शाळेला पैसे द्यावे लागत नाहीत.

आता बाजारातल्या तयार प्रोग्रामबद्दल. पूर्वी आणलेल्या अशा एका प्रोग्राममध्ये देवनागरी जुन्या पद्धतीच्या फॉन्टात लिहावी लागे. मध्य प्रदेशातील कचेऱ्यांत कृतिदेवचा टाईप ज्यांनी केला आहे त्यांना ही पद्धत ठाऊक आहे. त्यात दिसते देवनागरी, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरे. फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. अशा नोंदींत नाव शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही. युनिकोडने हा प्रश्न मिटवला. पण मराठी आडनावांचा एक प्रश्न उरतोच, आणि मला स्वतःला तोच सर्वात महत्त्वाचा वाटतो.

गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडकर या आडनावांत जो अर्धा र आहे, तो रफार नाही. पापणीसारखा तो हच्या आधी आडवा येतो. हिंदीत हे अक्षर लागत नाही. म्हणून ज्यांची बोटे हिंदीवर बसली आहेत ते सहज ‘गोर्हे’ लिहितात, आणि आपल्या ग्वाल्हेरात पिढ्यान्‌पिढ्या टी.सी.वर तसे उतरत आले आहे. युनिकोडमध्ये यासाठी ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह आहे. त्याला हलन्त जोडून ह लिहिला की पापणीचा र तयार होतो. इनस्क्रिप्ट कळपाटावर जिथे र आहे तिथेच शिफ्ट दाबून ऱ मिळतो, आणि लच्या कळीवर शिफ्ट दाबून ळ. म्हणजे कळपाटाची अडचण नाही, माहितीची आहे. मात्र हाच ऱ्ह आणखी एका मार्गानेही लिहिता येतो: साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एका बाबूंनी एका मार्गाने नोंद केली आणि दुसऱ्यांनी दुसऱ्या मार्गाने शोधली, तर संगणक सांगेल, ‘असा विद्यार्थी नाही.’ विद्यार्थी मात्र काउंटरवर उभा असेल! मुलांनी आता असे केले आहे की पट्टीत काहीही लिहिले तरी साठवण्यापूर्वी दुसरा प्रकार पहिल्यात बदलला जातो. हे काम फार तर चार ओळींचे असेल, पण मराठी न जाणणाऱ्या कारागिराला ते सुचणार नाही.

ल आणि श यांचेही असेच. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी वळणाहून वेगळे आहेत; महाराष्ट्र शासनाने वर्णमालेसंबंधी २००९ साली काढलेल्या निर्णयातही त्यांचीच बाजू घेतली आहे. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि भाषा मराठी आहे असे कारागिराला कळवले तर तो मराठी रूप देतो. नाही कळवले तर हिंदीचे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले आणि २००४ मध्ये रेड हॅटने सर्वांसाठी खुले केलेले लोहित फॉन्ट, तसेच मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, हे दोन्ही मोफत मिळतात. मुलांनी मुक्त निवडला.

मांडणीबद्दल एक-दोन गोष्टी सांगते. खिडकीतील वस्तूंना आकड्यांनी जागा नेमून देता येते, की हे बटण डावीकडून इतके आणि वरून इतके. इंग्रजीत ‘सेव्ह’ मावेल एवढ्या बटणात ‘नोंद जतन करा’ मावत नाही, आणि मग शेवटचा ‘करा’ कापला जातो. उंचीचेही तसेच. इंग्रजी अक्षराला कमी उंची पुरते. आपल्याला वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा दुसरा मजला लागतो. ‘शत्रुघ्न’ आणि ‘मूर्ती’ शेजारी लिहून पाहा. म्हणून आकड्यांऐवजी जाळी वापरायची: या ओळीत लेबल, शेजारच्या रकान्यात पट्टी, आणि रुंदी-उंची टूलकिटने मजकूर मोजून ठरवायची. मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्यातील दगडी जाळ्या आपण सहलीत पाहतो. तिथे दगड तसूभरही सरकत नाही. ही जाळी मात्र ताणली की ताणली जाते. एवढे केल्यावर जांभळा रंग मुलांनी आपणहून काढून टाकला. लेबले एका रेषेत आली, संबंधित पट्ट्या जवळ आणि असंबंधित दूर झाल्या, आणि खिडकी शांत दिसू लागली.

आकड्यांची मात्र गंमत झाली. बाबूंनी प्रवेश क्रमांक मराठीत लिहिला तर काय, अशी मुलांना काळजी होती. पायथॉनला देवनागरीतले ‘२७०’ दिले आणि संख्या कर म्हटले, तर तो बिनतक्रार दोनशे सत्तर समजतो. आपल्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा जो शिलालेख आहे, त्यात बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या हारांची संख्या ५० अशी कोरलेली आहे, आणि दोन्हींतले शून्य जगभरचे लोक येऊन पाहतात. मुलांनी चाचणीसाठी हेच दोन आकडे वापरले.

तर विश्वस्त मंडळाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. तयार प्रोग्राम मिळतो आणि फीचा हिशोब ठेवायला तो खुशाल घ्यावा. त्यात कायदे आणि कर बदलत राहतात, ते काम मुलांचे नव्हे. पण विद्यार्थ्याचे नाव ज्या खिडकीतून कायमचे कागदावर उतरते, ती खिडकी मराठी ओळखणारी असावी. नाव एका कागदावर एक आणि समग्र आयडीवर दुसरे पडले की पुढे हेलपाटे कुणाला घालावे लागतात, ते पालक जाणतात. मुलांचा प्रोग्राम लगेच जुन्या रजिस्टरची जागा घेणार नाही. हे संपूर्ण सत्र दोन्ही नोंदी बरोबर चालतील आणि दर महिन्याला ताडून पाहिल्या जातील. छपाईचा भाग अजून बाकी आहे. पडद्यावर नीट दिसणारे अक्षर जुन्या प्रिंटरवर कसे उतरते ते पाहायचे आहे.

पालकांना विनंती की आपल्या पाल्याचे, स्वतःचे आणि पाल्याच्या आईचे पूर्ण नाव देवनागरीत, सुवाच्य अक्षरात, एका कागदावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्यावे. आडनावात ऱ्ह, ऱ्य किंवा ळ असेल तर त्याखाली रेघ ओढावी. पूर्वीच्या टी.सी.वर निराळे लिहिले गेले असेल, तर तेही खाली लिहावे.

– प्राचार्या